उदारमतवादाचे भांडण सरकारच्या आकाराशी नाही

उदारमतवादाच्या दोन पिढ्यांमधला फरक विचारला की बहुतेकांच्या तोंडी एक ठरलेले उत्तर येते. अभिजात उदारमतवाद म्हणजे लहान सरकार, कमी कर आणि मोकळी बाजारपेठ. आधुनिक उदारमतवाद म्हणजे मोठे सरकार, जास्त कर आणि कल्याणकारी योजना. पाठ्यपुस्तकांत हा तक्ता दोन रकान्यांत छापलेला असतो आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत तोच आवाज चढवून सांगितला जातो. एका रकान्यात लॉक, ॲडम स्मिथ आणि कॉब्डेन, दुसऱ्यात ग्रीन, हॉबहाउस, केन्स आणि रॉल्स. मधोमध जॉन स्टुअर्ट मिल, ज्याला दोन्ही बाजू आपला म्हणतात.

तक्ता सोयीचा आहे, पण त्याने काही उलगडत नाही. गरिबांच्या मुलांसाठी सरकारी पैशातून शाळा काढाव्यात असे सांगणारा ॲडम स्मिथ कोणत्या रकान्यात बसवायचा? समाजवादाचा कट्टर टीकाकार असूनही अन्न, वस्त्र, निवारा यांची किमान हमी सरकारने द्यायला हरकत नाही असे १९४४ साली लिहिणारा हायेक कोणत्या? सक्तीचा आरोग्यविमा १८८३ मध्ये आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन १८८९ मध्ये आणणारा बिस्मार्क तर उदारमतवादी नव्हताच. समाजवाद्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रांवर बंदी घालणारा तो पुरुष. उलट बाजूला लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या चिलीत बाजारपेठ मोकळी झाली आणि माणसे तुरुंगात गेली. सरकारचा आकार हेच मोजमाप असेल तर बिस्मार्क आधुनिक उदारमतवादी ठरतो आणि पिनोशे अभिजात. असे निष्कर्ष देणारे मोजमाप टाकून दिलेले बरे.

या लेखाचे प्रतिपादन असे. दोन्ही उदारमतवादांचा मूळ प्रश्न एकच आहे: ज्याला जाब विचारता येत नाही अशी सत्ता माणसावर कोण गाजवतो आणि तिला वेसण कशी घालायची? फरक आहे तो अशा सत्तेचा पत्ता कोणता, याविषयीच्या निदानात. सरकार लहान हवे की मोठे, हे त्या निदानातून निघालेले उपाय आहेत. उपायालाच विचार समजण्याची चूक दोन्ही बाजूंचे अनुयायी करत आले आहेत. आणि भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, या सत्तेचा एक तिसरा पत्ता सापडला, जो इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यात धड कुठल्याच रकान्यात मावत नाही.

१. जुन्यांचा शत्रू कोण होता?

लॉकचे शासनविषयक दोन प्रबंध प्रसिद्ध झाले ते १६८९ च्या अखेरीस, इंग्लंडच्या राजाला गादी सोडून पळावे लागल्यानंतर वर्षभरात. त्यामुळे त्याच्यासमोरचा शत्रू स्पष्ट होता: संमतीशिवाय कर बसवणारा, न्यायाधीशाला खिशात ठेवणारा, प्रजेचा धर्म ठरवू पाहणारा राजा. मालमत्तेच्या हक्कावर लॉकचा एवढा भर का, तेही यावरून समजते. ज्याची शेतजमीन राजाच्या मर्जीने जप्त होऊ शकते तो माणूस राजाविरुद्ध तोंड उघडत नाही.

स्मिथचे ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ १७७६ चे. त्यातला राग सरकारवर आहे हे खरे, पण कोणत्या सरकारवर? ईस्ट इंडिया कंपनीला मक्तेदारीची सनद देणाऱ्या, कारागिरांच्या बंदिस्त व्यवसायसंघांना कायद्याचे कुंपण घालून देणाऱ्या, गरीब मजुराला एका पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावभागातून, दुसरीत जाऊन राहण्यास मज्जाव करणाऱ्या सरकारवर. मजुरी वाढू नये म्हणून मालक लोक आपापसांत कायम मूक संगनमत करतात, हे निरीक्षण स्मिथचेच. मजुरांच्या बाजूने केलेला नियम नेहमी न्याय्य असतो आणि मालकांच्या बाजूचा तसा असेलच असे नाही, हेही तो सांगून जातो. त्याच्या नावाने निघणाऱ्या संस्थांच्या पत्रकांत ही वाक्ये सहसा दिसत नाहीत.

अभिजात उदारमतवादाचा सर्वांत मोठा लढा गरिबांच्या भाकरीसाठी झाला, हे तर आज जवळजवळ विसरले गेले आहे. १८१५ च्या धान्य कायद्याने ब्रिटनमध्ये गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचे तिथले माप) ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय परदेशी गहू आणायला बंदी केली. पार्लमेंट जमीनदारांचे, कायदा जमीनदारांचा आणि महाग पाव मँचेस्टरच्या मजुराच्या ताटात. रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांच्या संघटनेने १८३८ पासून या कायद्याविरुद्ध रान उठवले. १८४६ मध्ये पील या हुजूर पक्षाच्या पंतप्रधानानेच तो रद्द केला आणि त्यापायी स्वतःचा पक्ष फोडून घेतला. खुला व्यापार म्हणजे श्रीमंतांची चैन ही समजूत इथे टिकत नाही. त्या काळात सरकारी हस्तक्षेप श्रीमंतांच्या बाजूने होता, म्हणून हस्तक्षेप काढून घेणे ही गरिबांची मागणी होती.

पण त्याच जॉन ब्राइटने पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांचे काम दहा तासांवर आणणाऱ्या कायद्याला विरोध केला. तो स्वतः गिरणीमालक होता हे एक कारण सांगता येईल. मात्र त्याहून महत्त्वाचे हे की त्याच्या निदानात गिरणीमालक ही ‘सत्ता’ नव्हतीच. तो करारातला एक पक्ष होता. जुन्या उदारमतवादाची मर्यादा इथे सुरू होते.

२. सुप्याची होळी आणि लेस्टरचे व्याख्यान

आधुनिक उदारमतवादाचा जन्म सांगताना ऑक्सफर्डच्या टी. एच. ग्रीनचे नाव घेतले जाते. ते बरोबरच आहे. पण ज्या प्रश्नाने ग्रीनला विचार करायला लावले तो प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावाने त्याच्या सहा वर्षे आधी, आपल्या पद्धतीने, मांडला होता.

त्यामागची साखळी पाहण्यासारखी आहे. व्याजाच्या दरावर कायद्याची मर्यादा नको, दोन शहाणी माणसे काय ठरवतील तो त्यांचा प्रश्न, असे बेंथमने १७८७ मध्ये लिहिले. इंग्लंडने १८५४ मध्ये व्याजदराला मर्यादा घालणारे कायदे रद्द केले. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातही तसेच झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या खताला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता: व्याज साठत जाऊ नये. झाले उलटेच. मुदत संपत आली की सावकार कुणब्याकडून नवे खत लिहून घेई आणि थकलेले व्याज नव्या खतात मुद्दल होऊन बसे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करू नये, हा दामदुपटीचा जुना नियमही त्यापुढे लंगडा पडला. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी ओसरली, जमिनीच्या नव्या पाहणीत सारा वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. कुणब्याला वाचता येत नव्हते, सही म्हणजे निशाणी. दिवाणी न्यायालय कोसांवर आणि तिथे बहुतेक वेळा एकतर्फी हुकूमनामा.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. माणसे मारणे हा उद्देश नव्हता. कागद मिळाला की बहुधा हाणामारी थांबे. कुणब्यांना जुलमाचा पत्ता नेमका ठाऊक होता. तो ना राजाच्या दरबारात होता, ना कलेक्टरच्या कचेरीत. तो त्यांनी स्वतः ‘स्वेच्छेने’ निशाणी केलेल्या कागदात होता.

चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचा, व्याज कमी करण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले. कराराचा कागद हा शेवटचा शब्द नाही, एवढे या कायद्याने मान्य केले. पुढे न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम करत होते.

दोन वर्षांनी, १८८१ मध्ये, ग्रीनने लेस्टर येथे उदारमतवादी कायदे आणि कराराचे स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यान दिले. त्याच्यासमोर आयर्लंडचे कूळ आणि कारखान्यातला मजूर होता. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: बंधन नसणे एवढ्याने माणूस स्वतंत्र होत नाही, करण्याजोगे काही करण्याची खरी शक्ती हाती असली तर तो स्वतंत्र. कराराचे स्वातंत्र्य हे त्या शक्तीचे साधन आहे, आणि साधनच माणसाला मालाच्या पातळीवर आणत असेल तर कायद्याने मध्ये पडले पाहिजे. त्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टनने, जो काटकसरीच्या सरकारचा मूर्तिमंत पुरस्कर्ता होता, आयरिश कुळांना रास्त खंड आणि जमिनीवरून न हुसकावण्याची हमी देणारा कायदा केला. नव्या विचाराला जागा करून देणारा हात जुन्याच पिढीचा होता.

रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले त्याचा सूरही हाच. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त निसर्गनियमांसारखे सर्वत्र लागू होत नाहीत. इथे माणसाचे स्थान कराराने नव्हे तर जन्माने आणि रूढीने ठरते, असे त्यांचे म्हणणे. रानडे स्मिथ आणि मिल कोळून प्यालेले होते. म्हणूनच त्यांना पुस्तकातली गृहीतके कुठे संपतात ते दिसले.

३. बेकरीतले दहा तास

हीच गोष्ट अमेरिकेत अधिक उघडेपणाने घडली. न्यूयॉर्क राज्याने बेकरी कामगारांचे काम दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांवर आणले. १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला: कामगाराला जास्त तास राबण्याचा करार करायचा असेल तर त्याला अडवणारे सरकार कोण? न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्रात टोला हाणला की संविधानाने हर्बर्ट स्पेन्सर या मुक्त बाजारवाद्याचे पुस्तक कायदा म्हणून स्वीकारलेले नाही. १९३७ मध्ये, मंदीने लाखो माणसांना रस्त्यावर आणल्यानंतर, त्याच न्यायालयाने एका हॉटेल कामगार स्त्रीच्या किमान वेतनाचा कायदा उचलून धरला आणि लॉकनरची वाट सोडली.

दोन्ही निकालांत स्वातंत्र्याचीच भाषा आहे. फरक एवढाच की पहिल्या निकालाला मालकाच्या हातात सत्ता दिसली नाही, दुसऱ्याला दिसली.

४. खरे मतभेद कुठे आहेत?

मग दोन्हींत काहीच भांडण नाही असे समजायचे का? भांडण आहे आणि ते खोल आहे. फक्त ते करांच्या टक्केवारीवर नाही.

पहिला मतभेद: कोणीही जबरदस्ती करत नसताना केवळ गरिबीमुळे माणूस परतंत्र होतो का? हायेकचे उत्तर नाही असे आहे. त्याच्या मते परतंत्रता म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मनमानीखाली असणे. गरिबी हे दुःख आहे, पण दुःख आणि गुलामी यांची सरमिसळ केली की स्वातंत्र्य या कल्पनेचा कणाच जातो. बेव्हरिजचे उत्तर उलट. ब्रिटनच्या सामाजिक विम्यावरील १९४२ च्या अहवालात त्याने दारिद्र्य, रोग, अज्ञान, बकालपणा आणि बेकारी हे पाच राक्षस म्हणून मांडले आणि त्यांच्यापासूनची सुटका हा नागरिकत्वाचा भाग मानला. इथे हायेकचा मुद्दा तर्काने अधिक काटेकोर आहे, पण वास्तवाला अपुरा. उपाशी माणसावर कोणी जबरदस्ती करत नाही हे खरे. पण जो कोणी पहिला येईल त्याची मनमानी त्याला मुकाट सोसावी लागते. गरिबी हुकूम सोडत नाही, ती माणसाला कोणाचाही हुकूम ऐकायला लावते.

दुसरा मतभेद मालमत्तेविषयी. अभिजात उदारमतवाद्याला मालमत्ता ही सत्तेविरुद्धची ढाल वाटते. आधुनिकाला दिसते की एका मर्यादेनंतर तीच ढाल तलवार होते. ब्रिटनचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याने १९०९ च्या अर्थसंकल्पात वृद्धांच्या पेन्शनसाठी आणि आरमारासाठी जमिनीवर आणि मोठ्या उत्पन्नांवर कर सुचवला, तेव्हा उमरावांच्या सभागृहाने तो अर्थसंकल्पच फेटाळला. पेन्शन किती, तर सत्तरी ओलांडलेल्याला आठवड्याला पाच शिलिंग. त्या पाच शिलिंगांसाठी ब्रिटनमध्ये दोन निवडणुका झाल्या आणि १९११ मध्ये उमरावांचा नकाराधिकार कापला गेला. मालमत्ता राजकीय सत्तेत कशी बदलते याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

तिसरा मतभेद ज्ञानाविषयी, आणि यात अभिजात बाजू बलवान आहे. लाखो माणसांच्या गरजा, कौशल्ये, हवामान, बाजारभाव यांचे विखुरलेले ज्ञान एखाद्या मंत्रालयात गोळा होऊ शकत नाही. म्हणून चांगल्या हेतूचा कायदाही भलतीकडे जातो. दख्खनचा १८७९ चा कायदाच घ्या. खताच्या मागे जाण्याचा अधिकार न्यायालयाला मिळताच सावकार गहाणखताऐवजी थेट खरेदीखताचा आग्रह धरू लागले. गरजू कुणब्याची जमीन गहाण पडायची ती कागदोपत्री विकलीच जाऊ लागली. आधुनिक उदारमतवाद्यांनी हा धडा पाठ करायला हवा होता. त्यांनी तो बहुधा वाचलाही नाही.

५. चवदार तळे कोणत्या रकान्यात?

इथपर्यंत सत्तेचे दोन पत्ते झाले: सरकार, आणि सावकार किंवा मालक. मिलने १८५९ मध्ये तिसऱ्याकडे बोट दाखवले होते. समाजाचा जुलूम कित्येक राजकीय जुलमांहून भयंकर असतो, कारण तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक तपशिलात शिरतो, असे त्याचे म्हणणे. पण मिलच्या इंग्लंडमध्ये हा जुलूम म्हणजे प्रामुख्याने शेजाऱ्यांची नापसंती होती. महाराष्ट्रात त्याला दंड करण्याची, वाळीत टाकण्याची, पाणी तोडण्याची यंत्रणा होती.

रखमाबाईंचा खटला पाहा. अकराव्या वर्षी लग्न लावलेली ही मुलगी मोठेपणी नवऱ्याकडे जायला नकार देते. नवरा १८८४ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात जातो. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने, अपिलात तो उलटला आणि १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ज्याला तिची संमती कधी घेतलीच नव्हती असा करार सरकारी न्यायालय पोलिसांच्या बळावर अमलात आणत होते. रूढीच्या बाजूने उभे असलेले सरकार इथे हस्तक्षेप करत होते की अलिप्त होते? तक्ता गप्प बसतो. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीने मिटले, रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. पाठोपाठ १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, ज्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. परक्या सरकारने घरात शिरू नये ही टिळकांची भूमिका. घरातच जुलूम असेल तर कायद्याने शिरलेच पाहिजे ही आगरकरांची. अभिजात उदारमतवादाची भाषा त्या वादात टिळक बोलत होते आणि मिलचा खरा वाचक होता ‘सुधारक’कार आगरकर.

महाडचे प्रकरण तर याहून बोलके. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मान्य करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेने चवदार तळ्यापुरता तसा ठरावही केला. म्हणजे सरकारची बंदी नव्हती, पालिकेची नव्हती, पाण्याला पैसा पडत नव्हता. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्या पाण्याला हात लावता आला नाही, आणि लावला त्या दिवशी गावात त्यांची डोकी फुटली. पुढे सवर्णांनी न्यायालयात काय मांडावे? तळे ही आमची खासगी मालमत्ता आहे. लॉकची ढाल जातीच्या हातात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला तोवर १९३७ उजाडले होते.

अभिजात तक्त्यानुसार महाडचा दलित स्वतंत्र होता, कारण कायदा त्याला अडवत नव्हता. कल्याणकारी तक्त्यानुसार त्याला पैसे किंवा नळ दिला की प्रश्न सुटला असता. दोन्ही उत्तरे हास्यास्पद आहेत.

संविधानाने या तिसऱ्या पत्त्याची दखल घेतली. अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांबाबत नागरिकांवर भेदभावाची बंदी घालते. अनुच्छेद १७ अस्पृश्यता कोणीही पाळली तरी गुन्हा ठरवते. मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्ध नाहीत, शेजाऱ्याविरुद्धही आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये याच्या उलट निकाल दिला होता: समतेची घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी हॉटेलमालकाला नाही. ते दार उघडायला १९६४ चा नागरी हक्क कायदा यावा लागला, आणि तेव्हाही सिनेटर गोल्डवॉटर यांनी मालमत्तेच्या स्वातंत्र्याच्या नावाने विरोधात मत दिले. उदारमतवादाच्या इतिहासात अनुच्छेद १५(२) ला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे इंग्रजी ग्रंथांत मिळत नाही, आणि मराठीतही ते कोणी फारसे मागत नाही.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: आधुनिक उदारमतवाद म्हणजे मुखवटा घातलेला समाजवाद. हे पटण्यासारखे नाही. केन्सने १९२६ मध्ये मुक्त अर्थव्यवस्थेच्या जुन्या श्रद्धेचा मृत्युलेख लिहिला, पण तो मजूर पक्षात गेला नाही. बेव्हरिज लिबरल पक्षाचा खासदार झाला. रॉल्सने १९७१ च्या ग्रंथात समान मूलभूत स्वातंत्र्ये पहिल्या क्रमांकावर ठेवली आणि आर्थिक लाभासाठी त्यांचा सौदा करता येणार नाही असे बजावले. समाजवादाला मालकी बदलायची असते. आधुनिक उदारमतवादाला मालकाची मनमानी थांबवायची असते. मात्र हा आक्षेप पूर्ण निराधारही नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये दाखवून दिले की सरकारपासूनची मोकळीक ही पुष्कळदा जमीनदाराला खंड वाढवण्याची आणि मालकाला तास वाढवण्याची मोकळीक असते. निदान अचूक. पण त्यावर त्यांनी सुचवलेला शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा उपाय प्रत्यक्षात आला असता तर गावागावांत एकच जमीनदार उरला असता, आणि त्याच्याविरुद्ध दाद त्याच्याच कचेरीत मागावी लागली असती. इथे स्मिथची शंका आंबेडकरांच्या उपायाला लागू पडते.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा: अभिजात उदारमतवाद हा धनिकांचा वकील. याचे उत्तर द्यायला मँचेस्टरपर्यंत जायची गरज नाही. महाराष्ट्र सरकारने १९७२ पासून सुमारे तीन दशके कापसाची एकाधिकार खरेदी चालवली. विदर्भाच्या शेतकऱ्याने आपला कापूस दुसऱ्या कोणाला विकणे हा गुन्हा होता. योजना आली होती शेतकऱ्याला व्यापाऱ्यापासून वाचवण्यासाठी. तिने व्यापारी घालवला आणि त्याच्या जागी एकच गिऱ्हाईक बसवले, ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशींनी नेमका हाच जुलूम ओळखला. शेतकऱ्याला अनुदान नको, त्याच्या पायातली बेडी काढा, हे त्यांचे म्हणणे कॉब्डेनला लगेच समजले असते. विशेष म्हणजे जोशी तिथेच थांबले नाहीत. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनात त्यांनी शेतकरी स्त्रीचा प्रश्न उचलला आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. सरकारला हटवले तरी घरातला खातेदार उरतोच, हे या खुल्या व्यापाराच्या पुरस्कर्त्याला दिसले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड: दोन्ही उदारमतवाद साम्राज्याचे लाभार्थी होते, मग त्यांच्या निदानाला काय किंमत द्यायची? आक्षेपातले तथ्य नाकारता येत नाही. लॉकने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग घेतले होते. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता, आणि स्वातंत्र्याचा सिद्धान्त ‘मागासलेल्या’ समाजांना लागू नाही असे त्याने त्याच ग्रंथात नमूद केले. कॉब्डेनचे चरित्र लिहिणारा, मिलचा शिष्य म्हणवणारा जॉन मोर्ले भारतमंत्री असतानाच १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले. पण या दाखल्यांवरून निदान खोटे ठरत नाही; ते करणाऱ्यांनी स्वतःला त्यातून वगळले होते, एवढे ठरते. दादाभाई, रानडे, गोखले यांनी ब्रिटिशांना त्यांचीच तत्त्वे वाचून दाखवली आणि त्या वाचनाला उत्तर मिळाले नाही. फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. गोखल्यांनी १९११ मध्ये त्याचे विधेयक आणले, आणि पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. ब्रिटनच्या उदारमतवादी सरकारने त्याच १९११ साली आपल्या कामगारांना विमा दिला होता.

७. कसोटी लावून पाहता

निदानावर लक्ष ठेवले की आजचे वादही वेगळे दिसू लागतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती मे २०२४ मध्ये उठली. हा ‘मोठ्या सरकारचा’ गरिबांसाठीचा हस्तक्षेप मानायचा का? धान्य कायदा जमीनदारासाठी पाव महाग करत होता, निर्यातबंदी शहरी गिऱ्हाइकासाठी कांदा स्वस्त करते. दोन्ही ठिकाणी एका गटाचा खिसा दुसऱ्यासाठी कायद्याने कापला जातो आणि ज्याचा कापला जातो त्याला आधी विचारले जात नाही. नाशिकच्या शेतकऱ्याच्या बाजूने इथे अभिजात उदारमतवादीच उभा राहू शकतो, आणि आधुनिकाने त्याला साथ द्यायला हवी.

संविधानाच्या नवव्या परिशिष्टाचेही तसेच. जमीनदारी मोडणाऱ्या कायद्यांना न्यायालयांपासून संरक्षण देण्यासाठी १९५१ मध्ये त्यात १३ कायदे घातले गेले. जमीनदाराची सत्ता मोडणे योग्यच होते. पण आता तिथे २८४ नोंदी आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा जमीनदारीशी संबंध नाही. एका मनमानीवरचे औषध दुसऱ्या मनमानीचे कवच झाले. १९७३ नंतरच्या नोंदी तपासता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये सांगावे लागले.

आणि शेवटी ज्याला अजून कोणत्याच रकान्यात जागा नाही तो माणूस: ॲपवर काम करून अन्न पोचवणारा किंवा टॅक्सी चालवणारा. कागदावर तो नोकर नाही, स्वतंत्र भागीदार आहे. अटी त्याने वाचलेल्या नसतात, पण बटण दाबून मान्य केलेल्या असतात. दर बदलतो, गुण घटतात, एके सकाळी खाते बंद होते आणि का, ते सांगायला समोर माणूस नसतो. कुणब्याच्या निशाणीचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहिला आहे. त्यावर सरकारांचा कल मदतनिधीकडे आहे, कारण अनुदान देण्यात कोणाशी भांडण होत नाही; जाब विचारण्याचा हक्क दिला तर होते. बेव्हरिजच्या नावाने चाललेला हा व्यवहार बिस्मार्कच्या अधिक जवळचा आहे. संसदेने २०२० मध्ये केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांची व्याख्या आहे, नोंदणी आहे आणि कल्याण निधीची तरतूदही आहे. खाते बंद करण्यापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे मात्र त्या संहितेत कुठेही म्हटलेले नाही.